पाखरं राखणारी

पंचफुला,

तुझं नाव मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. नीट आठवून पाहिलं तर तोंडानेही कधी घेतलं नव्हतं. अडतीस वर्षं मी तुला 'अवं' म्हणालो, तू मला 'अवो' म्हणालीस, आणि एवढ्यावर आपला संसार झाला. आता 'अवं' म्हटलं तर ओ द्यायला घरात कोणी नाही, म्हणून नाव घेतो. रागावू नकोस. रागावलीस तरी मी ऐकणार नाही. सध्या मी कोणाचंच ऐकत नाही, पाहिजे तर विशालला विचार.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा मंडपवाला कमरेवर हात ठेवून फाटकात उभा होता. त्याने आपलं अंगण पाहिलं. पंधरा बाय वीसचं ते अंगण, आणि त्यात डोक्याच्या वर गेलेली, नुकती दाण्यात आलेली तुझी जवारी. तो म्हणाला, "काका, हे कापा लागते. नाई तं खुर्च्या कुठी मांडू?" विशाल मागच्या खोलीत गेला आणि तुझाच विळा घेऊन आला. पोराचं चुकलं असं मी म्हणत नाही. आई गेली होती, पुण्याहून धावत आला होता, माणसं यायला लागली होती आणि जवारी आडवी येत होती. पण मी जाऊन जवारीपुढे उभा राहिलो. म्हणालो, "एक धांडा जरी कापला तं पयले मले कापा लागीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौदा वर्षं ज्याने या जवारीला नावं ठेवली, दर पावसाळ्याच्या तोंडाशी इथे फरशी टाकायची धमकी दिली, तोच आता हात पसरून तिच्यापुढे उभा. तुझा भाऊ हळूच विशालला म्हणाला, "भाऊजीच्या डोक्यावर परिणाम झाला वाटते." झाला असेल. खुर्च्या शेवटी रस्त्यावर मांडल्या आणि माणसं उन्हात बसली. दोघं-तिघं कुरकुरले, तेही मी ऐकलं. मग तू तिथे निजलेली असताना, वंदना चालू असताना, तुझ्या त्या ठिपक्यावाल्या मुनिया आल्या आणि कणसांना लोंबकळून खायला लागल्या. भंतेजींचा आवाज आणि त्यांची चिवचिव एकदमच चालू होती. मला रडू येत नव्हतं. मी मनात त्यांना म्हणत होतो, खा बाई, पोट भरून खा, आज तुमच्यावर कोणी विळा उचलत नाही.

आपलं दोघांचं तसं पाहिलं तर जमायला नको होतं. मी लाइनमन. कावळा तारेचे तुकडे आणून खांबावर घर बांधतो. पाऊस सुरू झाला की त्याची तार आमच्या तारेला चिकटते आणि अर्ध्या गावाचा उजेड जातो. म्हणून मृगाच्या आधी आम्ही लांब काठ्या घेऊन खांबाखांबावरची घरटी पाडत फिरायचो. बुलढाण्यापासून घाट उतरून पार मोताळ्यापर्यंत. कामच होतं ते, आणि मी कामात कधी कुचराई केली नाही. संध्याकाळी घरी आलो की तू पाण्याचा तांब्या पुढे करायचीस आणि विचारायचीस, "आज किती खोपे पाडले?"

काऊन पाडले, असं तू कधी विचारलं नाहीस. किती, एवढंच. मी आकडा सांगायचो आणि तू ताट वाढायचीस. आकडा मोठा असला की भाजीत मीठ जास्त पडतं अशी माझी खात्री होती. एकदा बोलून दाखवलं तर म्हणालीस, "भाजी नेहमीचीच हाय. तुमची जीभ खारट झाली." त्या एका प्रश्नाचा मला फार राग यायचा. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं मी आकडा कमी करून सांगत होतो. तुला ते कळत होतं का, हे विचारायचं राहिलं.

आणि तू तरी कोण होतीस? तूही पाखरं हाकलणारीच. धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या तुझ्या गावात, दुसऱ्याच्या शेतात मचाणावर उभी राहून गोफण फिरवणारी. तिसरीतली पोरगी, पण जवारी दाण्यात आली की शाळा बंद आणि मचाण चालू. तुझा आवाज त्या शिवारात प्रसिद्ध होता असं तुझी आई सांगायची. तू 'हाऽऽ' म्हणालीस की तीन शेतांपलीकडची पाखरं उडायची. लग्नानंतर तो आवाज मी एकदाच ऐकला, विशाल रस्त्यावर ट्रकसमोर धावला तेव्हा. ट्रकवाला जागीच थांबला होता.

त्या कामाला आपल्याकडे म्हणतात पाखरं राखणं. हा शब्द मी जन्मभर ऐकला आणि कधी त्याच्यावर थांबलो नाही. तू थांबलीस. घर बांधून झालं, अंगणात तू पहिल्यांदा जवारी टाकलीस, आणि मी तणतणत विचारलं की हे काय चालवलं आहेस. तू म्हणालीस, "पाखरं राखून राह्यली." मी म्हटलं, राखायची म्हणजे हाकलायची ना? मग ही खायला कशाला घालतेस? तेव्हा तू खुरपं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "घर राखते म्हंजे घराले हाकलते का? लेकरू राखते म्हंजे लेकराले गोटे मारते का? मंग पाखरंच राखाची म्हटली का गोफण काऊन घेता बे तुमी लोक?"

'बे' मला लागला नाही. बाकीचं लागलं. मी फरशीचा विषय काढला.

मचाणावरची ती एक गोष्ट तू मला खूप उशिरा सांगितलीस. एका सकाळी मालक आला, त्याने बांधाकडची चार-पाच कणसं रिकामी पाहिली आणि सगळ्या मजुरांसमोर तुला विचारलं, "हे पाखरानं खाल्लं का तू खाल्लं?" तू नऊ वर्षांची होतीस. तुझं तोंड उघडून पाहिलं त्याने, दात पाहिले, हुरड्याचा कण सापडतो का म्हणून. तू खाल्लं नव्हतंस. भूक होती, तरी खाल्लं नव्हतंस. ते सांगताना तू शेंगा फोडत होतीस आणि तुझे हात थांबले नव्हते. शेवटी म्हणालीस, "त्या दिवशी मले पाखराचा राग नाई आला. वाटलं, पाखरू आन मी एकाच बाजूले आहो."

त्यानंतर मी फरशीचा विषय थोडा कमी काढला. अगदी बंद केला असं नाही.

आपण भांडलो मात्र भरपूर, आणि मला ती भांडणं आता हवी आहेत. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही, आणि तू मातीच्या परळात पाखरांना पाणी भरून ठेवायचीस. मी म्हणायचो, माणसाला प्यायला नाही आणि पाखरांना आंघोळ. तू म्हणायचीस, "तुमची आंघोळ एका बादलीनं कमी करा, दहा पाखरं नाहतात." मी म्हणायचो, फुकटचं खाऊन ही पाखरं आळशी होतील, रानात जाणार नाहीत. तू म्हणायचीस, "इतकी वर्सं तुमी माह्या हातचं फुकट खाऊन राह्यले. तुमी झाले का आळशी?" आणि मी रिटायर झालो तेव्हा तर तू कहरच केलास. माझा खाकी गणवेश धुऊन कापलास आणि त्याच्या लहान लहान पिशव्या शिवल्यास. दर साली जवारी दाण्यात आली की पाच चांगली कणसं निवडून त्यांना त्या पिशव्या चढवायचीस, तोंड सुतळीने बांधायचीस. बाकी सगळं उघडं. "हे पाच आपले, बियाण्याचे. बाकीचे त्याईचे." मी शेजारपाजारच्यांना सांगायचो की खात्याने मला सन्मानाने निवृत्त केलं आणि बायकोने माझा युनिफॉर्म कणसाला घातला. लोक हसायचे. मला त्याचा थोडा अभिमानही होता, तो मात्र मी लपवला.

खाऊन-सांडून उरलेली कणसं वाळली की त्यांची जुडी तू ओसरीच्या छपराला टांगायचीस. त्यासाठी लागणारी तार मी द्यायचो. चौदा वर्षांत तुझ्या या कामाला माझा हातभार म्हणजे तेवढी तार. नाही, आणखी एक हातभार आहे. त्याच्याबद्दल लिहायलाच मी बसलो आहे, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत टाळतो आहे.

चार वर्षांपूर्वीचा मृगाच्या आधीचा आठवडा. तुझा भाऊ आजारी होता म्हणून तू चार दिवस माहेरी गेलीस. जाताना पाखरांच्या दाण्याचा डबा दाखवलास, "सकाळी दोन मुठी आन संध्याकाळी दोन मुठी. इसरू नका." मी विसरलो नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा संपला. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. ऊन होतं, मी आळस केला. मागच्या खोलीत माझ्या पुतण्याने ठेवायला दिलेली पेरणीची अर्धी पिशवी होती. गुलाबी बियाणं. औषध लावलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आहे मी, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण मला वाटलं, धुतलं की जाईल. टोपल्यात घेऊन तीन पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी गुलाबी गेलं, दुसरं थोडं फिकं, तिसरं जवळजवळ पांढरं. मी खूश झालो. चादरीवर वाळवलं आणि परळात चांगलं शिगोशीग भरलं, दोन मुठी नाही, पाच. तू परत येशील आणि अंगण पाखरांनी भरलेलं बघशील, असं मनात होतं. तुझ्यापुढे एकदा तरी फुशारकी मारायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ठिपक्यावाल्या पडल्या होत्या. सात. चार चिमण्या. एक होला भिंतीच्या कडेला बसला होता, तो हात लावला तरी उडाला नाही, दुपारी गेला. मी जन्मभर घरटी पाडली पण असं हातात पाखरू कधी धरलं नव्हतं. लिंबाखाली खड्डा केला. तू आलीस तेव्हा मी सांगितलं, उन्हाने मेली असतील.

तू परळ उचललंस, त्याच्या कडेच्या भेगेत गुलाबी रंग राहिला होता तो पाहिलास. मागच्या खोलीत जाऊन पिशवी पाहिलीस. मग परळ फोडलंस आणि त्याच्या खापऱ्या लिंबाखाली पुरल्यास. पिशवीही पुतण्याला न विचारता पुरलीस. मी ओसरीवर बसून होतो. कानाखाली मारशील, रडशील, माहेरी निघून जाशील, असं काय काय वाटत होतं. तू माझ्यापुढे येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "हात साबनानं धुतले होते का?"

पंचफुला, त्या प्रश्नाला चार वर्षं झाली, आणि अजूनही तो आठवला की मला खाली बघावं लागतं.

आणि त्याच संध्याकाळी समोरचे गुरुजी आले. वर्तमानपत्राच्या कागदात एक मेलेली ठिपक्यावाली घेऊन आले, त्यांच्या गच्चीवर पडलेली. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेला माणूस, आवाज अजून प्रार्थनेच्या वेळचाच. आधीच त्यांच्या पांढऱ्या गाडीवर पाखरं घाण करतात म्हणून त्यांचा तुझ्यावर डूख. चार लोक जमले. ते म्हणाले, "पाहा बाई, तुमच्या हौसेपायी काय झालं. कोणी टाकला होता हा दाणा?" मी तिथेच होतो. नळी घेऊन लिंबाला पाणी देत होतो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, "म्याच टाकला, गुरुजी. मले समजलं नाई."

मी नळी धरून उभा राहिलो. पाणी आळ्यातून बाहेर जाऊन माझ्या चपलेत शिरलं तरी उभा राहिलो. खांबावर अकरा हजारांच्या लायनीखाली न घाबरता चढलेला माणूस मी, आणि एका मास्तरपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली.

तेव्हापासून आपल्या लेआउटच्या वस्तीत तुझं नाव खराब झालं. तुझ्या तोंडावर नाही, पण मागे. 'पाखरं मारणारी बाईच पाखरं राखते.' मी ते किराणा दुकानात ऐकलं, नळावर ऐकलं. तूही ऐकलं असशील. तू दुसऱ्या सकाळी नवीन परळ आणलंस आणि दाणा टाकलास. पंधरा दिवस एकही पाखरू आलं नाही. तू रोज जुना दाणा काढायचीस, नवा टाकायचीस. सोळाव्या की सतराव्या दिवशी एक चिमणी आली, आणि तू मला हाक मारलीस, "अवो, आइकलं का, आली." मी बाहेर आलो नाही. बाहेर यायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. आत बसून तुझा आवाज ऐकत राहिलो.

माफी मागायची राहिली, असं मी म्हणालो तर तू हसशील. चार वर्षं सकाळ-संध्याकाळ समोर बसून चहा प्यायलो, मागायची असती तर मागितली असती. राहिली नाही, मी मागितली नाही. शब्द सरळ लावायला तूच शिकवलंस, तर तोही सरळच लावतो.

काल घरासमोर मंडप टाकून तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, मग लोक एकेक उठून तुझ्याबद्दल बोलायला लागले. तू काम करायचीस त्या अंगणवाडीतल्या तुझ्या जोडीदारणी बोलल्या, त्यांना रडू आवरेना. मग गुरुजी उठले. चांगलंच बोलले, खोटं कशाला सांगू. बाई कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या. मग म्हणाले, "त्यांना पाखरांची हौस होती. एकदा अजाणतेपणी त्यांच्या हातून पाखरं मेलीही, पण त्यांचा हेतू वाईट नव्हता." आणि पुढे म्हणाले की लेआउटच्या मंडळींनी आणि विशालने मिळून ठरवलं आहे, हे अंगण साफ करून इथे सिमेंटचे गट्टू बसवायचे, एक बाक ठेवायचा, त्यावर बाईंचं नाव घालायचं. येणारे-जाणारे बसतील. पाखरांसाठी पाण्याचं एक भांडंही ठेवता येईल.

म्हणजे तुझ्या नावाने तुझीच जवारी काढणार. लोकांनी माना हलवल्या. मला या बाकाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. मी दुःखात आहे म्हणून मला त्रास नको, असं विशाल नंतर म्हणाला.

मी उठलो. गुडघ्याने कट्कन आवाज केला, तो पहिल्या रांगेपर्यंत गेला असेल. मी म्हणालो, "गुरुजी, बसा. त्या साली तो दाणा तिनं टाकला नव्हता. म्या टाकला होता. पेरणीचं गुलाबी बेनं, धुऊन टाकलं होतं. ते माहेरी होती. तुमी इचारलं तवा मी तिथंच होतो, नळी धरून. ते माह्यासाठी खोटं बोलली आन मी चुपचाप उभा राह्यलो. चार वर्सं तुमी लोक जिले पाखरं मारणारी म्हणून राह्यले, तिच्या हातून एक पाखरू मेलं नाई. मारणारा हा उभा हाय. काय म्हणाचं ते मले म्हणा. आन इथं गट्टू बसणार नाई. बाक पाह्यजे तं गुरुजीच्या दारात ठेवा."

गुरुजी खाली बघत होते. मग ते म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण गाडीवर घाण होतेच ना?"

मी म्हणालो, "होते. पुसा."

मागे कोणीतरी हसलं. तुझी अंगणवाडीवाली असावी. तुझ्या पुण्यानुमोदनात माणूस हसला म्हणून मला वाईट वाटलं नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून तूच पहिली हसली असतीस.

लोक गेल्यावर विशाल कप गोळा करत होता. मी म्हटलं, आता हा पोरगा मला बोलणार. चार माणसांत बापाने असं उघडं व्हायचं म्हणजे काय. तो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "बाबा, मले मालूम होतं."

मी विचारलं, काय?

"दाणा तुमी टाकला होता, ते. त्याच साली मी तिले फोनवर इचारलं का आई, तुह्याकून असं कसं झालं? तं म्हणे, म्या नाई केलं, तुह्या बाबानं केलं. पण त्याईले कधी इचारू नको. म्या म्हटलं, काऊन? आई म्हणे, माणसालेही राखा लागते."

आणि मग तो कपांचा ट्रे खाली ठेवून रडला, दहा दिवसांत पहिल्यांदा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याला सांगायचं होतं की रडू नको, पण मीच रडत होतो.

माणसालेही राखा लागते. पंचफुला, हे तू मला का नाही सांगितलंस? मी चार वर्षं समजत होतो की तू माझ्यावर मनातून रागावलेली आहेस आणि सभ्यपणा म्हणून बोलत नाहीस. तुझ्या गप्प बसण्याचा मी एक अर्थ लावला आणि त्याच्याखाली दबून बसलो, आणि तू त्याच गप्प बसण्याने मला सांभाळत होतीस. असं कोणी कोणाला सांभाळतं का? एकदा दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी सुटलो असतो. यावर तुझ्याशी भांडायचं आहे मला. हे भांडण मी सोडलेलं नाही, आणि उत्तर देणारं कोणी नाही म्हणून मी जिंकलो असंही समजणार नाही.

आज सकाळी नऊ वाजता गट्टूंचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. ऑर्डर आधीच गेली होती. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काका, कुठी उतरवू?" मी फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणालो, "उतरवू नको. जसा आला तसा वापस जा." तो विशालकडे पाहायला लागला. विशाल ओसरीवर उभा होता. तो खाली आला, मला वाटलं टेम्पोवाल्याशी बोलेल, मला समजावेल. तो फाटकाजवळ आला आणि त्याने फाटक लावून घेतलं. कडी घातली. टेम्पो गुरगुरत मागे गेला. गुरुजींच्या गाडीला घासता घासता राहिला, हे तुला सांगितलंच पाहिजे.

विशाल म्हणतो, पुण्याला चला. एकटे कसे राहाल, काय खाल. मी म्हणालो, जवारी पिकेपर्यंत विचारूच नको, आणि पिकल्यावर बी राखेत घालून ठेवायचं आहे, आणि मृगात पेरायचं आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही विचारू नको. तो म्हणाला, "बाबा, तुमाले पेरता येते का?" मला येत नाही. तिफणीवरची पेरणी येते, पण तुझ्यासारखी बोटाने भोक पाडून एकेक दाणा टाकायची मला येत नाही. शिकेन. ज्या माणसाला एकोणसत्तराव्या वर्षी बायकोचं नाव घ्यायला जमलं, त्याला हेही जमेल. लोकांनी हसावं. गुरुजींनी दररोज गाडी पुसावी. मेली ती पाखरं माझ्या नावावर आहेत, ती तशीच राहू देत, पुसायची नाहीत. आणि जी येतील तीही माझ्याच अंगणात येतील.

टेम्पो गेल्यावर मी जवारीत शिरलो. या साली तू तीनच कणसांना पिशव्या घातल्या होत्यास. तीन घालून झाल्या आणि तुला दम लागला, तू म्हणालीस उरलेल्या दोन उद्या घालते. तो उद्या दवाखान्यात गेला. त्या दोन खाकी पिशव्या तुझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात होत्या. एकीवर माझ्या खिशाची शिवण अजून दिसते. मी शिडी आणली नाही, स्टूल घेतलं. दोन चांगली कणसं शोधली. एकावर ठिपक्यावाली बसली होती, तिने मला पाहिलं आणि उडाली नाही, पलीकडच्या धांड्यावर सरकली फक्त. दोन्ही कणसांना पिशव्या चढवल्या. गाठ माझीच बसली, तारेला मारतो ती. तुला आवडली नसती, पण सुटणार नाही.

पाच आपली. बाकीची त्यांची.

मग तांब्याभर पाणी माझं मीच घेतलं आणि ओसरीच्या पायरीवर बसलो. तू विचारशील, अशी सवय अजून कानाला आहे. विचारच. आज मी आकडा कमी करून सांगणार नाही.

आज एकही नाही पाडला, पंचफुला. एकही नाही.